एकच आणि तीच व्यक्ती

कप्तान ऋतध्वजाचा डावा हात
सातव्या खंडात, पान एकशे बारा, कोपरापासून गेला.
यानाच्या दारात अडकून.
रक्ताचे गोठून मणी झाले, असं लिहिलंय.
एकोणिसाव्या खंडात तो डाव्या हातानं चहा ढवळतो.

एवढ्यावरून डिचोलीत तट पडलेत.

दर रविवारी बाजारामागं, कुष्टाच्या हॉटेलात,
पातळभाजी, पाव,
आणि पिशव्यांतून निघणारे 'ध्रुवापल्याड'चे एकतीस खंड.
तीसच खरं तर. सव्विसावा कुणाकडेच नाही.
सगुण गावस म्हणतो, सगळा उलगडा सव्विसाव्यात आहे.
तो खाणीवर ट्रक चालवतो. न वाचलेल्या पुस्तकावर
एवढी श्रद्धा असलेला माणूस मी पाहिला नाही.
आग्नेल म्हणतो, हात परत उगवला,
पालीची शेपटी नाही उगवत?
कुष्टा गल्ल्यावरून: लेखकाला डावं-उजवं कळत नसेल.
माझ्या भावाक कळना, आनी तो फेरीबोट चलयता.

शेवंती केरकर बाई, गणित, निवृत्त,
कुणाचंच ऐकत नाहीत.
त्यांच्या वहीत लाल शाईनं त्रेचाळीस चुका:
चौथ्यात दोन चंद्र, अकराव्यात तीन.
डॉक्टर लोपा बारा वर्षं बर्फात, तरी केस वाढलेले.
निघताना बुधवार, त्याच पानाच्या तळाशी शनिवार.
पेपर तपासायला असता तर लेखक नापास.

मी फारसा बोलत नाही.
कोर्टासमोर नोटरीकडे मी टंकलेखक;
माझा आठवडा यातच जातो.
पोर्तुगीज दाखल्यात पोंडुरोंगो, शाळेत पांडुरंग,
जमिनीच्या उताऱ्यात पांडू,
मतदारयादीत पांडुरंगी, स्त्री.
मी टाइप करतो: वरील सर्व नावे
एकाच आणि त्याच व्यक्तीची आहेत.
शिक्का. पुढचा.

एकदा गमतीनं कप्तानाचंही केलं:
मी, ऋतध्वज, वय चारशे बारा, धंदा अंतराळ,
राहणार कुठेच नाही, सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की
एकहाती मी आणि दोनहाती मी...
आग्नेलला ठसका लागला हसून.
बाई हसल्या नाहीत. कागद मात्र
घडी करून पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी त्या ऑफिसात आल्या.
घर नावावर करायचं होतं. दोन कागद पुढं सरकवले.
एकात वडील, विठू केरकर, तापानं गेले,
अठ्ठावन साल.
दुसऱ्यात, एकसष्टच्या जूनमध्ये, शाळेच्या रजिस्टरात
पालकाचा अंगठा. डावा. नाव विठू केरकर.

अंगठा स्वच्छ उमटलेला,
मधोमध आडवी चीर, कोयत्याची असावी.

"खांद्यावर बसवून जत्रेला नेलं तो हा," बाई म्हणाल्या,
अंगठ्याजवळ बोट ठेवून, अंगठ्यावर नाही.
"तो दुसरा आठवत नाही मला."
मी पंख्याकडे बघत राहिलो.
विचारायला हवं होतं. कायद्यानंसुद्धा.
"आईनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
हे वहीत नाही."
मग वर्गातल्या आवाजात: "लिही."

लिहिलं.
तारखांच्या जागी जरा जास्तच मोकळी जागा पडली,
तेवढा शिक्का मोठा मारला.

रविवारी सगुण धापा टाकत आला:
म्हापशाच्या एका रद्दीवाल्याकडे सव्विसावा आहे म्हणे!
कुणी उठलं नाही.
खुद्द सगुणही बसला, पाव तोडू लागला.
मग आग्नेलनं सवयीनं डाव्या हाताचं काढलं
आणि आम्ही सगळे बाईंकडे पाहिलं.

"चूकच आहे ती," बाई म्हणाल्या.
"पण चहा पिऊ दे त्याला."

बिल आलं तेव्हा पाव किती, यावर वाद झाला.
सगुण म्हणे सहा,
कुष्टा शपथेवर सांगत होता, आठ.